विद्याधरांची आगगाडी

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आम्ही व्हिडिओ गेम खेळू लागलो, हे वाक्य या पानावर लिहिताना हात किंचित अडखळतो. (हे ‘आम्ही’ आदरार्थी नव्हे. तीस वर्षे वर्गात उभे राहून बोलण्याची ती खोड आहे. निवृत्त झालो तरी सुटलेली नाही.) ज्यांच्याशी आम्ही कादंबरीतल्या निवेदकावरून तावातावाने वाद घातले, तीच मंडळी हे वाचणार. त्यांनी खुशाल हसावे. काही वर्षांपूर्वी आम्हीही एका मुलीला असेच हसलो होतो, आणि हा लेख खरे तर त्या हसण्याबद्दलच आहे. पण त्याकडे क्रमाने यायला हवे.

२०२३ च्या जूनमध्ये, पहिल्याच पावसाने ओल्या झालेल्या गच्चीच्या पायरीवरून आमचा पाय घसरला आणि घोट्याचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणे, ‘बरे झाले सर, आता भरपूर वाचन होईल.’ झाले उलटेच. गोळ्यांच्या गुंगीत दोन पानांपुढे डोळे टिकेनात. वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावा, तर त्यातला कर्ता कोण हेच आठवू नये. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला लावले त्याला आपण वाचू शकत नाही हे कबूल करणे किती जड जाते, ते अनुभवाशिवाय कळायचे नाही. आम्ही पुस्तक छातीवर उपडे ठेवून पंख्याकडे पाहत पडून राहू लागलो.

अशात आमची एक जुनी विद्यार्थिनी मोसंब्यांची पिशवी घेऊन आली. ती आता एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. उपडे पुस्तक तिने पाहिले, काही बोलली नाही. उशाशी पुतण्याने टाकून दिलेला टॅब्लेट होता. तो घेऊन ती बराच वेळ काहीतरी उतरवून घेत बसली. मग म्हणाली, ‘सर, याला घाई नसते. तुम्ही कितीही वेळ विचार करत बसलात तरी समोरचा थांबतो.’

तो खेळ ‘होन्काई: स्टार रेल’. शांघायच्या मिहोयो या कंपनीने तो २६ एप्रिल २०२३ रोजी लोकांना खुला केला होता; म्हणजे आमच्या घोट्याच्या आधी जेमतेम दोन महिने. खेळायला पैसे पडत नाहीत. या ‘पडत नाहीत’कडे पुढे यायचेच आहे.

समोरचा थांबतो, हे मात्र अक्षरशः खरे. आपले चौघे एका बाजूला, शत्रू दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येकाने आपापल्या पाळीला वार करायचा. ज्याचा वेग जास्त त्याची पाळी लवकर. दहा हजार या आकड्याला त्याच्या वेगाने भागले की तो रांगेत किती मागे ते निघते, आणि ती रांग पडद्याच्या डाव्या कडेला सतत दिसत असते. साध्या वाराने एक गुण गाठीला लागतो, विशेष कौशल्य वापरले की एक खर्च होतो, आणि गंमत अशी की ही गाठ चौघांची मिळून एकच. म्हणजे दोघांनी मुकाट साधे वार करत साठवायचे आणि घरातल्या एका उधळ्याने एका झटक्यात उडवायचे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे अर्थशास्त्र समजावून द्यावे लागत नाही. शत्रूलाही सात प्रकारांपैकी ठरावीकच प्रकारचा मार लागू पडतो, आणि योग्य मारा करत गेलो की त्याचा तोल सुटून तो क्षणभर हतबल होतो. आम्ही एकेका पाळीला पाच-पाच मिनिटे घेतली. समोरचा राक्षस श्वास घेत उभा. गेल्या कित्येक वर्षांत इतक्या शांतपणे आमच्यासाठी कोणी थांबल्याचे आठवत नाही.

आणि मग आमच्या लक्षात आले की आपण वाचतो आहोत. लढाया थोड्या, मजकूर फार. पात्रे बोलतात, त्यांचे शब्द खाली उमटतात, बोट लावल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. दोन पानांपुढे न टिकणारे डोळे या दोन-दोन ओळींच्या तुकड्यांवर तासभर टिकले. खेळ आमच्यासाठी वाचनाची कुबडी झाला होता.

आता ते हसणे. २०१८ साली हीच मुलगी एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय घेऊन आमच्याकडे आली होती: संगणकीय खेळांतील कथन. आठ टंकलिखित पाने. आम्ही विभागाच्या बैठकीत ती वर धरून म्हणालो, ‘यानंतर पत्त्यांच्या जोडातील शोकात्मिका यायची.’ सगळे हसले. ती दाराशीच उभी होती हे आम्हाला नंतर कळले. तिने विषय बदलला, ग्रामीण कथेतील निवेदकावर नेटका प्रबंध लिहिला, आणि त्याला आम्हीच चांगले गुण दिले. ती आठ पाने आम्ही वाचली नव्हती. चाळली होती.

असो. खेळातील कथा अशी की एक आगगाडी ताऱ्यांमधून धावते. ती सुरू करणारा देव, अकिविली त्याचे नाव, केव्हाच मेलेला आहे. गाडी कुठेतरी बेवारस पडली होती. हिमेको नावाच्या बाईने ती दुरुस्त करून पुन्हा रुळांवर आणली. आकाशातली आगगाडी म्हटल्यावर साहित्याच्या विद्यार्थ्याला मियाझावा केन्जीची जपानी कथा आठवते, ती त्याच्या मृत्यूनंतर १९३४ साली छापली गेली. तिकडच्या कल्पनेत अशा गाड्यांचे रूळ जुने आहेत. आपण तिच्यात बसतो तेव्हा आपल्याला स्वतःची काहीच आठवण नसते. शरीरात एक घातक बीज कोणीतरी घालून ठेवलेले असते, एवढेच कळते. सोबत एक मुलगी आहे, बर्फात गोठलेली सापडलेली. तिलाही पूर्वीचे काही आठवत नाही, म्हणून ज्या तारखेला शुद्धीवर आली तीच तिने नाव म्हणून घेतली, मार्च सेवन्थ. आणि तिसरा दान हंग: अबोल, भाला बाळगणारा, गाडीतल्या दप्तरखान्याचा रखवालदार, तिथेच जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारा. दोघांना भूतकाळ नाही. तिसऱ्याला तो गरजेपेक्षा जास्त आहे.

वाचक म्हणून आमचे पहिले प्रेम जडले ते मात्र मुख्य कथेवर नव्हे, तिच्या कडेच्या मजकुरावर. बेलोबोग नावाच्या बर्फाळ नगरात रस्त्याकडेचा कचऱ्याचा डबा तपासला, तर निवेदक एकदम महाकाव्याच्या थाटात बोलू लागतो आणि नायक त्या डब्यावर भाळतो. लढाईत मिळणारा टोप, हातमोजे, अंगरखा, पादत्राणे यांपैकी प्रत्येकाखाली चार ओळींची हकीकत असते, आणि सगळे नग जमवले की एका माणसाचे आयुष्य उभे राहते. बहुतेक वेळा हरलेले. आम्ही वर्षानुवर्षे बखरींतल्या तळटिपा मुलांना वाचायला लावत आलो. इथे तर कथेला तळटिपाच अधिक.

त्याच बेलोबोगमध्ये वरचे नगर आणि खाणींचे खालचे नगर यांमधला रस्ता सत्ताधाऱ्यांनी बंद केलेला असतो. कोकोलिया ही तिथली सर्वाधिकारी. जग वाचवण्याच्या नावाखाली तिने ते विनाशाकडे नेले. तिची मानलेली मुलगी ब्रोन्या तिच्याविरुद्ध उभी राहते, सत्ता हाती घेते, आणि लोकांना सांगते की कोकोलियाने नगरासाठी प्राण दिले. ब्रोन्या स्वतः खालच्या नगरात जन्मलेली. खोटेपणाची किंमत तिला माहीत आहे. तरी ती तेच करते. खेळ तिला शिक्षा करत नाही की शाबासकीही देत नाही. आम्ही त्या रात्री टॅब्लेट बाजूला ठेवून बराच वेळ जागे होतो. वर्गात यावर दोन तास सहज झाले असते.

सगळेच असे आहे असे नाही. पुढच्या लुओफूच्या प्रकरणात नावांचा इतका भडिमार आहे की कोणाचे पद कोणते आणि कोणाचा देव कोणता हे कळेपर्यंत प्रसंग संपतो. पात्रे एकच गोष्ट तीनदा सांगतात. संपादकाने तांबड्या शाईने निम्मा मजकूर उडवायला हवा होता. पण त्याच रानात आम्हाला एक ओळखीचा शब्द भेटला आणि आम्ही उशीवरून उठून बसलो.

लुओफू हे एक प्रचंड जहाज. अमरत्वाच्या शोधात फार पूर्वी नऊ जहाजे निघाली, त्यांपैकी सहा उरली. अमरत्व मिळाले, देणाऱ्या देवाचे नाव याओशी. चिनी भाषेत हेच नाव भैषज्यगुरू बुद्धाचे. पण आयुष्य संपेना तशी माणसांची मने कुजू लागली, आणि त्या वेडाला, त्या देहावर उगवणाऱ्या पानापालवीला, खेळात ‘मारा’ म्हणतात. मार! अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात बुद्धासमोर सैन्य घेऊन आलेला तोच. आणि या जहाजावर माणसांबरोबर आणखी एक जमात राहते, तिचे नाव विद्याधर.

मूळ चिनीत त्यांना ‘छीमिंग’ म्हणतात. ‘मिंग’ म्हणजे प्रकाश, पण बौद्ध ग्रंथ चिनीत नेणाऱ्या जुन्या भाषांतरकारांनी ‘विद्या’ या शब्दासाठी तोच योजला. ‘छी’ म्हणजे धारण करणे. म्हणजे हा शब्द इथून पायी तिकडे गेला, चिनी वेश घालून दीड-दोन हजार वर्षे राहिला, आणि खेळाचे इंग्रजी करणाऱ्याने तो वेश उतरवून त्याचे जुनेच नाव आमच्या टॅब्लेटवर लिहिले. वेरूळच्या भिंतीवर हातात माळा घेऊन तरंगणारे हे आपले शेजारी. ते असे शांघायमार्गे परत आले. हा खेळ तेरा भाषांतून वाचता येतो. त्यांत थाई आहे, व्हिएतनामी आहे, इंडोनेशियन आहे. भारतातली एकही नाही. विद्याधरांची कथा आम्ही इंग्रजीत वाचली.

खेळातले विद्याधर मरत नाहीत आणि त्यांना मुलेही होत नाहीत. आयुष्य सरले की ते अंड्यात परततात आणि पुन्हा जन्मतात, मागचे सारे विसरून. दान हंग त्यांच्यापैकी. त्याच्या मागल्या जन्मीचा दान फंग हा विद्याधरांचा अधिपती. मेलेल्या सखीला परत आणण्याच्या हट्टापायी त्याने घोर अपराध केला. शिक्षा म्हणून त्याला नवा जन्म दिला, आणि त्या नव्या जन्माला साखळदंडात ठेवून मग हद्दपार केले. जुने मित्र त्याच्या चेहऱ्यात दान फंगला शोधतात. एकजण, जो आता मरूच शकत नाही, त्याचा जीव घ्यायला मागे लागला आहे. आणि हा सांगत राहतो की मी तो नव्हे.

पूर्वसंचित हा शब्द आपण किती सहज वापरतो. लग्न जमेना, पूर्वसंचित. मूल गेले, पूर्वसंचित. ज्याला मागचे आठवतच नाही त्याने मागचे का फेडावे, हा प्रश्न आमच्या आजीने कधी विचारू दिला नसता. इथे एक चिनी लेखकवर्ग तो विचारत होता, आपल्याकडून गेलेल्या शब्दांतच.

विद्याधर म्हटले की मराठी शिक्षकाला पैठण आठवते. निदान आम्हाला आठवते. सोमदेवाने कथासरित्सागराच्या आरंभी सांगितलेली गुणाढ्याची हकीकत आम्ही दरवर्षी पहिल्या तासाला सांगत असू. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा हा मंत्री. राजाला संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल यावरून पैज हरला आणि शब्दाला जागून संस्कृत, प्राकृत, देशी या तिन्ही भाषा त्याने सोडल्या. उरली पैशाची, भुताखेतांची. तिच्यात त्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली आणि राजाकडे पाठवली. राजाने भाषा पाहिली, रक्त पाहिले आणि ग्रंथ परत पाठवला. गुणाढ्य रानात गेला, अग्नी पेटवला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि जाळी. चरणे सोडून जनावरे रडत ऐकत राहिली. राजाच्या ताटातले मांस सुकले, तेव्हा कुठे राजा धावत आला. सहा लाख श्लोक जळाले होते. वाचला तो एक लाखाचा भाग नरवाहनदत्ताचा, जो पुढे विद्याधरांचा चक्रवर्ती झाला.

या राजावर वर्ग हसत असे. आम्हीही हसत असू; तो आमचा हुकमी विनोद होता. ग्रंथ न वाचता भाषेवरून परत करणारा राजा! प्लास्टरच्या पायावर टॅब्लेट टेकवून आम्ही त्या जुलैमध्ये विद्याधराची कथा वाचत होतो, आणि आम्हाला ती आठ पाने आठवली.

इथे थांबलो असतो तर लेख फार शोभिवंत झाला असता. पण खेळ इथे थांबत नाही, आणि आम्हीही थांबलो नाही.

१९ जुलै २०२३ च्या भागात दान हंग आपले खरे रूप धारण करतो, समुद्र दुभंगवतो, आणि ज्या नावापासून पळत होता तेच मित्रांसाठी क्षणभर अंगावर घेतो. आम्ही हेलावलो. ३० ऑगस्ट २०२३ रोजी तेच रूप सोडतीला निघाले.

‘सोडत’ हाच नेमका शब्द. हव्या त्या पात्राला विकत घेता येत नाही. त्याच्यासाठी झेप घ्यावी लागते. एका झेपेला १६० रत्ने. सर्वोच्च दर्जाचे पात्र मिळण्याची शक्यता दर झेपेला ०.६ टक्के. नव्वदाव्या झेपेपर्यंत ते नक्की मिळते, पण तुम्हाला हवे तेच मिळेल याची खात्री निम्मीच. हुकले तर पुढच्या खेपेला मात्र नक्की. म्हणजे वाईटात वाईट १८० झेपा, २८,८०० रत्ने. या नव्वदच्या मर्यादेला खेळणारे ‘पिटी’ म्हणतात. दया! रत्ने खेळून मिळतात, पण हळूहळू. पैसे देऊन मिळतात, लगेच.

आमच्याजवळ दोन महिन्यांच्या बैठकीतून साठवलेल्या ब्याऐंशी झेपा होत्या. शहात्तराव्या झेपेला आकाश सोनेरी झाले आणि समोर आली बाइलू: एक लहानशी वैद्य मुलगी. तीही विद्याधरच. विद्याधर मिळाला, पण हवा तो नाही.

आमची विद्यार्थिनी त्याच दिवशी पैसा न खर्चता विसाव्या झेपेला दान हंग मिळवून बसली होती. या खेळात आपले एक पात्र ओळखीच्यांना उसने देता येते. फोनवर म्हणाली, ‘सर, माझा वापरा की. तुमच्या यादीत दिसेल.’ दिसत होता. काही ठरावीक लढायांत तो आमच्या बाजूने लढलाही असता. कथा तर पैसे न देणाऱ्यालाही पूर्ण दिसते. समुद्र दुभंगताना आम्ही काही कमी पाहिले नव्हते. मग आम्हाला काय हवे होते? तो आमचा हवा होता. आमच्या गाडीत.

तीन वेळा मिळून साडेआठ हजारांच्या आसपास रुपये गेले. नव्या मोजणीच्या एकाहत्तराव्या झेपेला तो आला. आमच्या हातून पूर्वी कधी न झालेली गोष्ट त्यानंतर झाली. बँकेचा निरोप सौ.च्या फोनवर येतो. तिने विचारले, ‘अहो, हे साडेआठ हजारांचं काय?’ आम्ही म्हणालो, ‘पुस्तके.’

पुस्तकांवरून आम्ही आयुष्यभर खोटे बोललो आहोत, पण किंमत कमी करून. जे पुस्तक नव्हे त्याला पुस्तक म्हणण्याची ही पहिलीच वेळ. आणि पलंगावर पडल्यापडल्या मनातला वकील उठून म्हणाला की पुस्तक नव्हे कसे, तूच तर महिनाभर सांगतो आहेस की हे वाचन आहे.

हा वकील आम्हाला अजूनही पुरता गप्प करता आलेला नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येत होती. पुढच्या आठवड्यासाठी वाचकाला टांगून ठेवणे हा धंदा तेव्हाही होताच. यमूवर वाचकांचा जीव जडला आणि त्या जीव जडण्यावर अंक खपले. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण हरिभाऊंनी यमू मिळवण्याची सोडत काढली नव्हती. लेखक वाचकाला पात्रावर प्रेम करायला लावतो आणि मग बाजूला होतो. ते प्रेम वाचकाजवळ राहते, त्याचे पुढे काय करायचे ते वाचकाने पाहावे. इथे प्रेम लागले की दुकान उघडते. जुलैत जे लिहिले गेले ते वाईट नव्हते, खोटेही नव्हते. ते चांगले होते म्हणूनच ऑगस्टमध्ये आमचे बोट त्या बटणाकडे गेले. वाईट लेखन असते तर आमचे पैसे वाचले असते. समीक्षेची इतकी वर्षे भाषा वापरून, कलागुण आणि आमिष एकाच ओळीत एकाच शब्दात कसे नांदतात हे सांगायला आमच्याजवळ परिभाषा नव्हती.

जुगाऱ्याचे दुःख आपल्या वाङ्मयाला नवे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त संबंध त्याचेच आहे, आणि त्याची बायको तिथेही आहे. पण त्या फाशांवर निदान कोणीतरी जिंकत असे. इथे परत येणारे काहीच नाही. भारतीय संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याचा रोख पैशाच्या आशेने पैसा लावण्यावर आहे. आमच्या समजुतीप्रमाणे आम्ही त्यात बसत नाही, कारण आम्हाला पैशाची आशाच नव्हती. चीनने २०१७ च्या मेपासून अशा सोडतींतल्या शक्यता जाहीर करणे बंधनकारक केले, म्हणून तर तो ०.६ चा आकडा आम्हाला आधीच माहीत होता. छापलेला होता, आम्ही वाचला होता, समजलाही होता. आकडा समजल्याने काही अडत नाही.

दुसरा वकील म्हणतो की तुझ्यासारख्या थोड्यांच्या पैशांवर पुष्कळांना हे फुकट वाचायला मिळते. समज, तू ग्रंथालयाला देणगी दिलीस. हा युक्तिवाद गुत्त्यात बसलेल्याचाही असतो, की अबकारी करातून शाळा चालतात.

त्यानंतर एक रुपयाही दिला नाही, एवढे सांगतो. खेळणे सोडले नाही. दर सहा मिनिटांना शक्तीचा एक बिंदू भरतो, म्हणजे एका घटकेत चार, दिवसात २४०. तो भरून वाहून जाऊ नये म्हणून सकाळी चहाबरोबर आम्ही जाऊन येतो. पुष्कळदा लढाई आपोआप चालण्याचे बटण दाबतो. ते लढतात, आम्ही बशीत चहा ओततो. हे वाचन नव्हे. हा नेम आहे, आणि नेमाला जसा अर्थ असतो आणि नसतो तसाच याचाही.

२०२४ मध्ये गाडी पेनाकोनीला गेली. पूर्वी हा तुरुंग होता, आता स्वप्नांचे विश्रामस्थान. माणसे तिथे निजतात आणि एका सामायिक स्वप्नात चैन करतात. फायरफ्लाय नावाची मुलगी आपल्याला ते शहर हिंडवते. जागेपणी तिचे शरीर हळूहळू विरत चाललेले असते, स्वप्नातच तिला चिलखताशिवाय चालता येते. आणि एक सज्जन, सुशिक्षित मनुष्य साऱ्या जगाला कायमचे गोड स्वप्न द्यायला निघतो. त्याचे म्हणणे ऐकताना त्याला खोडून काढणे अवघड जाते. शेवटी त्याला हरवून आपण जागे व्हायचे. रोज परत यावे म्हणून रचलेला खेळ आपल्याला उठायला सांगतो, यातला विरोध लिहिणाऱ्यांना दिसला नसेल असे आम्हाला वाटत नाही. फायरफ्लाय जूनमध्ये सोडतीला आली. आमची रत्ने पुरली नाहीत. आम्ही गप्प बसलो, दोन दिवस चिडचिडे होतो.

सौ.ला खरे सांगितले ते त्याच सुमारास. ती म्हणाली, ‘मला वाटलंच होतं. पुस्तकं आली असती तर पिशवी दिसली असती.’ मग तिने तो दान हंग दाखवायला सांगितले, चष्मा लावून पाहिला, आणि म्हणाली, ‘बरा आहे. पण जेवत नसावा.’

निवृत्तीनंतर विभागातले कपाट रिकामे करताना ती फाइल सापडली. आठ पाने, टाचणी गंजलेली. यावेळी वाचली. मराठी थोडे कच्चे आहे. दुसऱ्या पानावर तिने विचारले आहे की वाचकाने बोट लावल्याशिवाय वाक्य पुढे जात नसेल, तर त्या विरामाचा कर्ता कोण. निवेदक की वाचक? या एका प्रश्नावर आम्ही नंतरच्या वर्षांत वर्गात पुष्कळ बोललो असतो. समासात आमच्या अक्षरात तांबडा शेरा आहे: ‘ही साहित्याची भाषा नव्हे.’ खाली सही, तारीख.

आम्ही पाने टपालाने तिला पाठवली. शेरा खोडला नाही; त्याच्याखाली ‘वाचले’ एवढे लिहून आजची तारीख घातली. तिचा फोन आला. मूल रडत होते, त्यामुळे नीट बोलणे झाले नाही. विषय पुन्हा हाती घेशील का, असे विचारायचे राहिले; तिनेही काढले नाही. एवढेच म्हणाली, ‘सर, बाळ झाल्यापासून मी खेळतच नाही. तुम्ही कुठपर्यंत पोचलात?’

यादीत प्रत्येकाच्या नावासमोर तो शेवटचा केव्हा आला होता ते दिसते. तिच्या नावासमोरचा आकडा वाढत चालला आहे. तिचा दान हंग मात्र तिने ठेवला तसाच उसना उभा आहे, आमच्यापेक्षा चांगल्या भाल्यासकट. सकाळच्या लढाईला आम्ही आमचा घरी ठेवतो आणि तिचा नेतो. नेला की तिच्या खात्यात थोडी नाणी जमा होतात म्हणे.